दान दिलं ते नक्की कुणाला? : माँट्रियलच्या सेमिनरीच्या जमिनीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात देवस्थान इनामाच्या प्रश्नांना उत्तरं देताना आम्ही ओघात एक वाक्य लिहिलं होतं. राज्य बदललं की नवं सरकार आधी ‘जमीन कुणाची’ असं विचारत नाही, ‘तुम्ही कोण’ असं विचारतं. कॅनडात माँट्रियलच्या कॅथलिक सेमिनरीला हाच प्रश्न ऐंशी वर्षं पुरला. त्यावर सिन्नरपासून देवळाली कॅम्पपर्यंत बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

सेमिनरी म्हणजे नेमकं काय? आणि एका धर्मशाळेसारख्या संस्थेकडे अख्खं बेट कसं आलं? (सिन्नर)

सेमिनरी म्हणजे धर्मशाळा नव्हे. कॅथलिक धर्मगुरू जिथे शिकून तयार होतात ती ही संस्था, आपल्याकडच्या वेदपाठशाळेच्या जवळची. इथे विषय आहे तो पॅरिसच्या सँ-सुल्पिस सेमिनरीचा. जाँ-जाक ओलिए यांनी ती १६४१ मध्ये सुरू केली. तिथले धर्मगुरू संन्यासी पंथाचे नव्हते. ते चर्चचे साधे पुरोहित होते आणि एका संस्थेत एकत्र राहून काम करत. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे कायद्यात तो फार मोलाचा ठरला.

माँट्रियलची वसाहत १७ मे १६४२ रोजी वसली. ती वसवणाऱ्या मंडळाचं नाव ‘नोत्र-दाम द माँरेआल’. हे मंडळ कर्जात बुडालं आणि ९ मार्च १६६३ रोजी त्याने बेटाची सगळी सेन्यरी पॅरिसच्या सँ-सुल्पिस सेमिनरीला देऊन टाकली. सेन्यरीला आपल्याकडे अगदी तंतोतंत शब्द नाही, पण जहागीर म्हटलं तर फार चुकणार नाही. राजाने मुलूख द्यायचा, घेणाऱ्याने तिथे लोक वसवायचे, गिरणी बांधायची, आणि त्या बदल्यात ठरावीक हक्क वसूल करायचे. जमीन कसणारा मात्र आपल्या जुन्या कुळासारखा मालकाच्या मर्जीवर नसे. त्याची जमीन वारशाने पुढे जाई, त्याला ती विकताही येई. म्हणजे तो आजच्या खातेदाराच्या जास्त जवळचा.

१६७७ मध्ये चौदाव्या लुईने राजपत्र दिलं, की माँट्रियलमध्येही सेमिनरी काढावी आणि बेट कायमचं तिच्या कामाला लागावं. पुढे बेटाच्या पश्चिमेला ‘दोन डोंगरांचं तळं’ या जागेची सेन्यरी १७१७ मध्ये मिळाली आणि १७१८ मध्ये राजाने ती मंजूर केली. बेटाच्या उत्तरेच्या काठावरची सँ-सुल्पिस सेन्यरीही त्यांच्याकडेच होती. अशा एकूण तीन. वादाच्या सगळ्या कागदांत या तिघींची नावं एकत्र येतात.

१७६० मध्ये इंग्रजांनी माँट्रियल घेतलं तेव्हा शरणागतीच्या अटींत धर्मसंस्थांची मालमत्ता राखली होती असं वाचलं आहे. मग सरकारला शंका घ्यायला जागाच कुठे होती? (नाशिकरोड, पत्रलेखकाने महसूल खात्यात नोकरी केली आहे)

तुम्ही कागद वाचणारे आहात, म्हणून हे थोडं सविस्तर सांगतो.

८ सप्टेंबर १७६० च्या त्या शरणागतीच्या कागदावर फ्रेंच गव्हर्नर वोद्रई यांची एकेक मागणी आहे आणि तिच्या शेजारी जनरल ॲमहर्स्ट यांचा शेरा. आपल्या दप्तरात अर्जाच्या कडेला साहेबाचा शेरा असतो तसाच. ३३ वं कलम पाहा. जेझुइट आणि रेकोले हे संन्यासी पंथ आणि सँ-सुल्पिसचे लोक यांचे जुने हक्क आणि मठ तसेच चालू ठेवावेत अशी मागणी आहे. शेरा : राजाची मर्जी कळेपर्यंत नामंजूर. लगेच ३४ वं कलम. सर्व धर्मसंस्थांनी आपली चल मालमत्ता आणि सेन्यरींचं उत्पन्न राखावं. शेरा : मंजूर. ३५ व्यात तर फ्रान्सला परत जाणाऱ्यांना जमीन विकून पैसा घेऊन जाण्याचीही मुभा आहे. म्हणजे लागोपाठच्या कलमांत संस्थेला नकार आणि संस्थेच्या मालमत्तेला होकार. वादाचं मूळ इथे आहे. संस्थाच मान्य नसेल तर मालमत्ता कुणाच्या नावाने राखली, हे कागद सांगत नाही.

त्यानंतर १० फेब्रुवारी १७६३ चा पॅरिसचा तह झाला. फ्रेंच प्रजेला अठरा महिन्यांत जमीन विकून निघून जाता येईल, पण विक्री इंग्लंडच्या राजाच्या प्रजेलाच करता येईल, असं त्यात ठरलं. पॅरिसची सेमिनरी तर फ्रेंच. तिने २९ एप्रिल १७६४ रोजी कॅनडातली सगळी मालमत्ता माँट्रियलमधल्या आपल्याच धर्मगुरूंना दानपत्राने दिली. हे धर्मगुरू आता इंग्रजी राजाची प्रजा झाले होते. मुदतीच्या दृष्टीने हा दस्त वेळेत होता. तेव्हा तिथले सुपिरियर, म्हणजे प्रमुख, होते एतिएन माँगोल्फिए.

सरकारी वकिलांनी पुढची पन्नास वर्षं या दस्तावर जे आक्षेप घेतले ते तुमच्या ओळखीचे निघतील. पहिला आक्षेप देणाऱ्यावर. पॅरिसची संस्था परकी. देश जिंकला तेव्हाच तिचा हक्क राजाकडे आला, मग १७६४ मध्ये तिच्याकडे द्यायला उरलं काय? दुसरा आक्षेप दानाच्या वस्तूवर. बेट संस्थेच्या खासगी मालकीचं नव्हतंच, ठरावीक धर्मकार्यासाठी सोपवलेलं होतं, आणि सोपवलेली वस्तू परस्पर दान करता येत नाही. तिसरा घेणाऱ्यावर, आणि आमच्या मते सर्वांत टोकदार. माँट्रियलचे धर्मगुरू ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र संस्था आहे हे कोणत्या कागदात लिहिलंय? १६७७ च्या राजपत्राने माँट्रियलला वेगळी संस्था जन्माला घातली, असं सेमिनरी म्हणे. पॅरिसच्या संस्थेला तिथे शाखा काढायची परवानगी दिली, एवढंच, असं सरकारी वकील म्हणत. शाखेला दान घेता येत नाही. कायद्याने अस्तित्वातच नसलेल्याला दान दिलं तर ते हवेत राहतं.

सेमिनरीच्या बाजूनेही भक्कम कागद होते. १७८१ मध्ये गव्हर्नर हाल्डिमांड यांच्यासमोर सेमिनरीने सेन्यर म्हणून रीतसर निष्ठेची शपथ घेतली आणि सरकारने ती घेऊ दिली. सरकारने एखाद्याकडून वर्षानुवर्षं जुडी भरून घ्यायची आणि नंतर ‘तुम्ही इनामदार नाहीच’ म्हणायचं, असा हा प्रकार होता. त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर १७७४ च्या क्विबेक कायद्यात सापडतं. कॅनडाच्या प्रजेला मालमत्तेची हमी देणाऱ्या कलमात ‘धर्मपंथ आणि धर्मसमुदाय वगळून’ अशी पाचर मारलेली आहे. आमचे लोक पंथात मोडत नाहीत, आम्ही साधे पुरोहित, म्हणून ही पाचर आम्हाला लागू नाही, असा युक्तिवाद सेमिनरीकडे होता. वरचा फरक लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

१८१० मध्ये गव्हर्नर क्रेग यांनी आपले चिटणीस हर्मन रायलँड यांना लंडनला पाठवलं. १८११ मध्ये राजाच्या कायदा अधिकाऱ्यांनी अभिप्राय दिला, की सेमिनरीचा हक्क टिकणारा नाही, तो राजाचा आहे. अभिप्राय हातात होता आणि जमीन मात्र सेमिनरीकडेच राहिली.

आपल्या मुंबई इलाख्यातली गोष्ट यापुढे ठेवून पाहा. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि सनद दाखवा, परंपरा दाखवा, वहिवाट दाखवा असं प्रत्येक इनामदाराला विचारू लागलं. इथे ते गावोगाव झालं आणि निकालही लागत गेले. तिथे एकच संस्था होती आणि निकाल कुणालाच लावायचा नव्हता.

जेझुइटांची मालमत्ता सरकारने घेतली, सेमिनरीची का नाही घेतली? (शरणपूर रोड)

जेझुइटांचा पंथच पोपने १७७३ मध्ये विसर्जित केला होता. कॅनडात सरकारने त्यांना जगेपर्यंत राहू दिलं, पण नवा माणूस घेऊ दिला नाही. शेवटचे जेझुइट फादर काझो १६ मार्च १८०० रोजी वारले आणि सरकारने ताबा घेतला. क्विबेक शहरातल्या त्यांच्या कॉलेजात त्याआधीपासूनच फौजेची बराक होती.

सेमिनरीबाबतही वाट पाहण्याचाच डाव होता. १७८३ मध्ये फ्रान्सहून दोन सुल्पिशियन, म्हणजे सँ-सुल्पिसचे धर्मगुरू, आले, त्यांना हाल्डिमांड यांनी परत घालवलं. नवीन कुणी येऊ द्यायचं नाही, जुने म्हातारे होतील, संस्था आपोआप संपेल. फार थोडे लोक उरले होते. मग फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि राजनिष्ठ फ्रेंच धर्मगुरूंकडे इंग्लंड आसऱ्याला आलेले म्हणून पाहू लागलं. १७९४ मध्ये सुल्पिशियनांची एक तुकडीच माँट्रियलला उतरली. त्यातले जाँ-आँरी-ओग्युस्त रू १७९८ मध्ये सुपिरियर झाले आणि १८३१ पर्यंत राहिले. पॅरिसमध्ये राजाचं डोकं उडालं नसतं तर माँट्रियलची सेमिनरी बहुधा जेझुइटांच्याच वाटेने गेली असती, असं आम्हाला वाटतं.

शिवाय कॅनडातली बहुसंख्य प्रजा कॅथलिक, शेजारी बंडखोर अमेरिका, आणि रविवारी चर्चमध्ये राजनिष्ठा शिकवणारे हेच धर्मगुरू. त्यांची जमीन ओढून घेण्यापेक्षा ती त्यांच्याकडे राहू देऊन वर टांगती तलवार ठेवणं गव्हर्नरांना सोयीचं होतं.

जेझुइटांच्या मालमत्तेचं पुढे काय झालं, तेही विचारलंय. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं उत्पन्न शिक्षणासाठी विधिमंडळाकडे गेलं. १८८८ मध्ये क्विबेक प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, ओनोरे मर्सिए यांनी कायदा करून चार लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि वाटणी पोपच्या हाती सोपवली. प्रोटेस्टंट शिक्षणासाठी वेगळे साठ हजार दिले. इंग्रज राणीच्या राज्यात पोपने पैसे वाटायचे म्हणून ओंटारियोत रान पेटलं, पण १८८९ मध्ये ओटावाला कॅनडाच्या संसदेत हा कायदा रद्द करण्याचा ठराव १८८ विरुद्ध १३ मतांनी पडला.

मग खरा विरोध कुणाचा होता? धर्माचा की पैशाचा? (रविवार कारंजा, कापडाचा व्यापार)

तुम्ही व्यापारी आहात, तेव्हा हिशेबानेच सांगतो. सेन्यरीतली जमीन विकली की खरेदीदाराने किमतीचा बारावा भाग सेन्यरला द्यायचा. याला ‘लो ए व्हाँत’ म्हणत. रोख देणाऱ्याला त्यात सूट मिळे, तरी मूळ दर बाराव्याचाच. समजा मोकळा प्लॉट १२० पौंडांना घेतला, तर १० पौंड सेमिनरीला. त्यावर दगडी गोदाम बांधलं आणि सगळं मिळून १,२०० पौंडांना विकलं, तर नव्या खरेदीदाराने १०० पौंड द्यायचे. गोदाम व्यापाऱ्याने बांधलं, सेमिनरीने एक वीटही लावली नाही, तरी बारावा भाग त्या गोदामाच्या किमतीवरही. पाच वर्षांनी पुन्हा विक्री झाली की पुन्हा तेच. शेतात पिढ्यानपिढ्या जमीन बापाकडून मुलाकडे जाते, तिथे हा बोजा जाणवत नाही. बंदराच्या शहरात जिथे प्लॉट हातोहात फिरतात, तिथे दर विक्रीला हा चिमटा बसे. आणि असे प्लॉट घेणारे बहुतेक स्कॉटिश आणि इंग्रज प्रोटेस्टंट होते. म्हणून भांडण धर्माच्या भाषेत झालं, तरी त्याच्या मुळाशी हा बारावा भाग होता.

दुसरा हक्क गिरणीचा. सेन्यरीतल्या माणसाने दळण सेन्यरच्याच गिरणीत दळायचं आणि चौदावा भाग दळणावळ म्हणून तिथे सोडायचा. लाशीनजवळ विल्यम फ्लेमिंग नावाच्या स्कॉटिश माणसाने स्वतःची पवनचक्की उभारली. सेमिनरीने दावा लावला. फ्लेमिंगने बचावात गिरणीबद्दल वाद घालण्याऐवजी थेट विचारलं, की तुम्ही सेन्यर आहात हे सिद्ध करा. एका गिरणीच्या दाव्यात सगळ्या बेटाची मालकी पणाला लागली. हे फार मोठ्या संस्थांच्या बाबतीतही घडतं. लहानशा वसुलीसाठी कोर्टात जावं आणि समोरच्याने मूळ सनदच मागावी. सेमिनरीला त्यानंतर प्रत्येक थकबाकीदारावर दावा लावताना दहादा विचार करावा लागे, आणि थकबाकी साचत गेली.

सरकार आणि सेमिनरी यांच्यात तडजोड का झाली नाही? (पंचवटी)

झाली होती. १८२७ मध्ये सुपिरियर रू यांनी लंडनमध्ये सेन्यरीचे हक्क राजाला देऊन त्याऐवजी ठरावीक वार्षिक रक्कम घ्यायचं कबूल केलं. पण माँट्रियलमधले बिशप लार्तिग आणि कॅनडातले धर्मगुरू चवताळून उठले, की हे दान चर्चसाठी दिलेलं, ते रोखीत बदलायचा अधिकार एका सुपिरियरला कुणी दिला? रोमनेही मान्यता दिली नाही. तडजोड तिथेच राहिली.

पुढे १८३७-३८ मध्ये खालच्या कॅनडात, म्हणजे आजच्या क्विबेकमध्ये, बंड झालं, आणि सेमिनरी राजाच्या बाजूने उभी राहिली. निवडून आलेलं विधिमंडळ तहकूब झालं आणि नेमलेल्या माणसांच्या ‘स्पेशल कौन्सिल’ने कारभार हाती घेतला. याच कौन्सिलने १८४० मध्ये वटहुकूम काढून प्रश्न मिटवला. ज्यांना लोकांनी निवडलं नव्हतं अशांनी ऐंशी वर्षांचा लोकांचा वाद निकालात काढला, हे विसरता येत नाही. लंडनच्या लॉर्ड्स सभागृहात १८४१ मध्ये एक्सेटरचे अँग्लिकन बिशप हेन्री फिलपॉट्स यांनी विरोध केला, पण वटहुकूम टिकला.

त्याची रचना मात्र अभ्यासण्यासारखी आहे. ‘माँट्रियलच्या सँ-सुल्पिस सेमिनरीचे धर्मगुरू’ या नावाची संस्था कायद्याने अस्तित्वात आली. घेणारा कोण, हा प्रश्न पहिल्याच झटक्यात संपला. तिन्ही सेन्यरींवर तिचा हक्क कायम झाला. त्या बदल्यात कोणाही खातेदाराला एकरकमी ठरावीक रक्कम भरून बाराव्या भागातून कायमची सुटका मागता येईल आणि सेमिनरीला ती द्यावीच लागेल, अशी अट घातली. व्यापाऱ्यांना जे हवं होतं ते इथे मिळालं. आणि उत्पन्न कशावर खर्च करायचं तेही लिहून ठेवलं : माँट्रियलच्या पॅरिशमधली (चर्चच्या हद्दीतली) धर्मसेवा, दोन डोंगरांच्या तळ्याजवळच्या अल्गाँक्विन आणि इरोक्वॉय या आदिवासी लोकांचं मिशन, माँट्रियलचं कॉलेज, पॅरिशमधल्या मुलांच्या शाळा, गरीब-आजारी-अनाथांचा सांभाळ, आणि सेमिनरीच्या लोकांचा निर्वाह. सरकारला हिशेब द्यायचा.

सेमिनरीला सनद मिळाली, व्यापाऱ्यांना सुटका, सरकारला शांतता. मिशनचे लोक त्या वेळी टेबलाशी नव्हते.

त्या मिशनच्या लोकांचा, मोहॉकांचा, हक्क या निकालात कुठे गेला? (देवळाली कॅम्प, कायद्याची विद्यार्थिनी)

तुमच्या प्रश्नामुळेच हा विषय आम्ही एवढा लांबवला.

दोन डोंगरांच्या तळ्याची सेन्यरी सेमिनरीला मिळाली ती मिशनसाठी. बेटावरच्या सो-ओ-रेकोलेचं मिशन तिथे हलवायचं, चर्च आणि दगडी किल्ला स्वखर्चाने बांधायचा, आणि तिथले लोक निघून गेले तर जमीन राजाकडे परत, अशा अटी होत्या. १७२१ मध्ये मिशन हललं. मोहॉक (इरोक्वॉयांपैकीच एक), अल्गाँक्विन, निपिसिंग लोक तिथे गेले. जमीन आपल्याला दिली गेली, असं मोहॉकांना वाटलं. त्यांनी त्याचा वाम्पम पट्टा जपून ठेवला. शिंपल्यांच्या मण्यांचा तो पट्टा म्हणजे त्यांच्याकडचं करारपत्र. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांनी तो इंग्रज अधिकाऱ्यांसमोर मांडला. पण सही-शिक्क्याचा कागद सेमिनरीकडे होता.

पुढे सेमिनरीने परवानगीशिवाय लाकूड तोडायला मनाई केली. सरपण तोडलं म्हणून लोकांना अटक झाली. १८६० च्या दशकात जोसेफ ओनासाकेन्रात हे त्यांचे प्रमुख झाले. ते सेमिनरीच्याच शाळेत शिकलेले. पुष्कळ मोहॉक तेव्हा मेथडिस्ट प्रोटेस्टंट झाले. १८७५ मध्ये त्यांचं लाकडी प्रार्थनाघर सेमिनरीने कोर्टाच्या आदेशाने पाडून घेतलं, १८७७ मध्ये कॅथलिक चर्च जळालं. ज्या सेमिनरीला प्रोटेस्टंट राज्यात आपण कोण हे सिद्ध करत ऐंशी वर्षं काढावी लागली, तिनेच नंतर आपल्या जमिनीवरच्या माणसांना ‘तुमचा कागद दाखवा’ म्हटलं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण कागद तेच सांगतात.

खटला अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेला. १९१२ च्या कोराँत खटल्यात निकाल लागला, की मोहॉकांनी आपला मालकी हक्क सिद्ध केलेला नाही आणि १८४० च्या कायद्याने सेमिनरीचा हक्क वादापलीकडे गेला आहे. परंतु न्यायाधीशांनी एक गोष्ट बोलून ठेवली. हे प्रकरण इंग्लंडच्या पद्धतीने चाललं असतं तर या कायद्याने धर्मादाय विश्वस्त निधी निर्माण झाला असं कदाचित म्हणता आलं असतं. पण तसा दावा व्यक्तींनी नाही, ॲटर्नी जनरलने आणायचा. तो कुणी आणला नाही. म्हणजे उद्देशाच्या यादीत नाव आहे, पण ते नाव घेऊन कोर्टात उभं राहायचा अधिकार नाही.

याच प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये कोलकात्याच्या मल्लिक खटल्यात हिंदू देवता ही कायद्याने व्यक्ती आहे, तिच्या बाजूने स्वतंत्रपणे बोलायला माणूस नेमता येतो, असं मानलं. देवाच्या मूर्तीला जे मिळालं ते त्या मिशनमधल्या जिवंत माणसांना मिळालं नाही. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधताय असं लिहिलंय. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतरचं थोडक्यात. १९३० च्या दशकात सेमिनरीने मोठा भाग बेल्जियन कंपनीला विकला. १९४५ मध्ये संघराज्य सरकारने उरलेली जमीन मोहॉकांसाठी विकत घेतली, पण पाइनचं जंगल आणि स्मशान त्यात पुरतं आलं नाही. १९९० मध्ये त्या तळ्याकाठच्या ओका गावाने नऊ होलचं गोल्फ मैदान वाढवायचं ठरवलं, नेमकं त्या पाइनच्या जंगलात. ११ जुलैच्या पोलीस कारवाईत मार्सेल लेमे हा पोलीस मारला गेला आणि ७८ दिवस वेढा चालला. १७१७ च्या सनदेतल्या अटीचं ओझं असं २७३ वर्षांनी गोल्फच्या मैदानावर येऊन पडलं.

आमच्या गावच्या ट्रस्टची जमीन सातबाऱ्यावर तीन जुन्या विश्वस्तांच्या नावावर आहे; तिघेही वारले. हे सगळं वाचून भीती वाटते. काय करावं? (दिंडोरी)

भीती रास्त आहे, पण हातात उपाय आहे. तुमच्या पत्रावरून तुमची अडचण माँट्रियलची नाही. तुमची संस्था नोंदलेली आहे, म्हणजे ‘घेणारा कोण’ हा प्रश्न सुटलेला आहे. चूक फक्त नावाची आहे. मात्र वारसनोंद लागली की ती चूक वाढते. तलाठ्याकडे एखाद्या मृत विश्वस्ताच्या मुलाने वारसाचा अर्ज दिला आणि सातबाऱ्यावर ट्रस्टचा उल्लेखच नसेल, तर फेरफार सहज मंजूर होतो. मग जमीन परत ट्रस्टच्या नावावर आणायला वर्षं जातात.

सगळ्यांत आधी धर्मादाय कार्यालयातून संस्थेचा पीटीआर (सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा काढा आणि त्यातल्या मालमत्तेच्या नोंदीत हा गट नंबर आहे का ते पाहा. तिथे नसेल तर बाकीचं सगळं थांबवून आधी तो चढवा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तुमचे तीन विश्वस्त गेल्यापासून एकही दिला नसेल, तर उशीर माफ करण्याच्या अर्जासह सगळे क्रमाने द्या. मधला एक गाळून शेवटचा दिला तर तो अडकतो. त्यानंतर मूळ दस्त शोधा, म्हणजे दानपत्र किंवा इनामाची सनद. दस्तात संस्थेचं नाव असेल आणि विश्वस्त केवळ ‘मार्फत’ असतील तर काम सोपं. दस्तातही फक्त माणसांची नावं असतील तर तलाठ्याकडे जाण्याआधी वकिलाकडे जा. हे हाती आल्यावर पीटीआर, चेंज रिपोर्टचे आदेश आणि दस्त जोडून कब्जेदार सदरी ट्रस्टचं नाव लावण्याचा अर्ज करा. आणि तोवर कुणी ‘विकून टाकू’ म्हटलं तर त्याच कायद्याचं कलम ३६ आठवा. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेली विक्री सहसा टिकत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तरी हीच परवानगी लागते. जमीन देवस्थान इनामाची, म्हणजे वर्ग ३ ची असेल तर महसूल खात्याची अट वेगळी, ती दोन्हीकडे पाळायची.

मुलगी माँट्रियलला शिकायला गेली आहे. आम्ही भेटायला जाणार आहोत. या वादाचं तिथे आज काही बघायला मिळतं का? (कॉलेज रोड)

मिळतं. नोत्र-दाम चर्चच्या अगदी शेजारी, भिंतीमागे, सेमिनरीची जुनी इमारत उभी आहे, १६८० च्या दशकातली, काळसर दगडाची. दर्शनी भागावर १७०१ चं घड्याळ आहे. आत जाता येत नाही, पण फाटकाबाहेरून ते नीट दिसतं. शहराच्या लासाल भागात नदीकाठी फ्लेमिंगच्या पवनचक्कीचा दगडी मनोरा अजून आहे, १८२७ चा. ज्या गिरणीवरून बेटाची मालकी पणाला लागली, ती हीच जागा.

एक दिवस काढून ओकाला जा. गाडीने तासाभराचा रस्ता आहे. तिथल्या डोंगरावर सुल्पिशियनांनी १७४० ते १७४२ मध्ये बांधलेल्या लहानशा दगडी प्रार्थनाकुटींची रांग आहे, मिशनमधल्या लोकांसाठी बांधलेली. पाइनचं जंगल मात्र कानेसाताके या तिथल्या मोहॉक वस्तीच्या लोकांचं आहे आणि त्यात त्यांचं स्मशान आहे. तिथे शिरण्याआधी रस्त्यावरच्या कुणाला तरी विचारा, आणि थडग्यांचे फोटो काढू नका.